नेव्हर फॉरेव्हर बघितला: रिपोर्ट त्याचा, धावपळ तिची

हा सिनेमा नवा नाहीये, २००७ चा आहे, आणि नागपुरात तो कुठल्या टॉकीजला लागल्याचं मला तरी आठवत नाही, पण ज्यांच्या घरात "अजून काही नाही का?" हा प्रश्न कधी ना कधी येऊन बसलाय त्या सगळ्यांनी तो बघायला पाहिजे असं मला फार मनापासून वाटतं, म्हणून हे एवढं लांबलचक लिहून राहिले. नाव नेव्हर फॉरेव्हर. लिहिला आणि दिग्दर्शित केलाय जीना किमने, ती मूळची सोलची. सिनेमा घडतो न्यूयॉर्कात, अमेरिका आणि दक्षिण कोरिया दोघांनी मिळून काढलेला, आणि त्याच वर्षीच्या सनडान्स फेस्टिवलमध्ये पहिल्यांदा दाखवला. म्हणजे मोठ्या स्टुडिओचा नाही, छोटा, स्वतंत्र सिनेमा. हिरॉइन व्हेरा फार्मिगा, आपल्याकडे बहुतेक लोक तिला कॉन्ज्युरिंग ह्या भुताच्या सिनेमामुळे ओळखतात, त्यातली लॉरेन ती हीच, पण हा सिनेमा त्याच्या सहा वर्षं आधीचा.

गोष्ट सांगते, शेवट सांगणार नाही. सोफी गोरी अमेरिकन, नवरा अँड्र्यू कोरियन वंशाचा, चांगला चाललेला वकील, मोठं घर, पैशाला कमी नाही. सासर चर्चवालं, फार श्रद्धाळू, आणि त्या अख्ख्या गोतावळ्यात ही एकटी वेगळ्या रंगाची. मूल होत नाहीये आणि कारण अँड्र्यूकडे आहे. त्याला ते सहन होत नाही, इतकं की तो जीव द्यायला जातो. वाचतो. आणि मग सोफी ठरवते की काही झालं तरी ह्याला मूल द्यायचं, आणि ते ह्याच्यासारखं दिसणारं पाहिजे. ती क्लिनिकमध्ये जाते, वीर्य देणारा कोरियन डोनर मागते, पण नवऱ्याच्या संमतीशिवाय ते लोक करत नाहीत. तिथेच तिला जिहा दिसतो, कोरियाहून आलेला तरुण, अमेरिकेत राहायचे कागद नाहीत म्हणून डोनर म्हणून त्यालाही परत पाठवलेलं. ती त्याच्या मागे मागे त्याच्या खोलीपर्यंत जाते आणि सरळ सौदा मांडते, प्रत्येक भेटीचे ३०० डॉलर आणि दिवस गेले की ३०,००० डॉलर.

एवढं वाचून काही जणांना वाटेल की हा काहीतरी भलताच सिनेमा असणार. तसा नाहीये. मी नागपूरच्या धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षं काढलीत, वीर्यतपासणीचं टेबल माझ्याकडेच असायचं, आणि ह्या सिनेमात जे दाखवलंय त्यातला परदेशी भाग सोडला तर बाकी सगळं मी काउंटरवरून बघितलेलं आहे. यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया, इकडे बालाघाट, छिंदवाडा, कुठून कुठून जोडपी येतात धंतोली-रामदासपेठेत. बाईच्या हातात ही जाडजूड फाईल. तिची सोनोग्राफी झालेली, फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे बीज कसं वाढतंय ते बघणं, झालेला, थायरॉइड झालेलं, एचएसजी पण झालेलं, ज्यात नळ्या उघड्या आहेत का बघायला आतून डाय सोडतात आणि बाई टेबलावर कळवळते. आणि नवऱ्याची तपासणी? "ती राहिली आहे मॅडम, आता सांगितली डॉक्टरांनी." लग्नाला सहा-सात वर्षं झाल्यावर. ती तपासणी म्हणजे दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवायचं आणि डबीत नमुना द्यायचा, सुई नाही, भूल नाही, दुखणं नाही, सगळ्यात सोपी आणि सगळ्यात स्वस्त तपासण्यांमधली एक, आणि तीच सगळ्यात शेवटी. मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या केसेसमध्ये पुरुषाकडचं कारण एकटं तरी असतं नाहीतर बाईकडच्या कारणासोबत असतं, हे कोणताही डॉक्टर सांगेल, तरी पण हेच चालू आहे.

आणि कितीतरी वेळा ती डबी बायकोच आणून द्यायची. घरून आणली असेल तर तासाभराच्या आत लॅबला पोचायला पाहिजे आणि थंड होता कामा नये, म्हणून पदराखाली, पर्समध्ये रुमालात गुंडाळून घट्ट धरून आणायची. नवरा खाली झाडाखाली गाडीवर बसलेला, हेल्मेट डोक्यातच. फॉर्मवर नमुना किती वाजता घेतला ते लिहायचं असतं, तर ती खिडकीतून खाली हात करून विचारणार, तो बोटांनी सांगणार, वर यायचा नाही. मी डबी इन्क्युबेटरमध्ये ठेवायची, नमुना पातळ व्हायला अर्धा तास जातो, मग मायक्रोस्कोपखाली मोजायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकाप्रमाणे एका मिलीलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा धरतात. कधी कधी स्लाइडवर काहीच नसायचं. एकही नाही. मग तोच नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा थेंब घेऊन परत बघायचं, त्यातही काही नाही, तेव्हा रिपोर्टवर निल लिहायचं, आणि काही आठवड्यांनी परत एक नमुना मागवायचा. तो रिपोर्ट घ्यायला पण बायकोच. ती काउंटरवरच उभ्या उभ्या वाचायची आणि पहिला प्रश्न काय विचारायची माहितीये? "मॅडम, हे ह्यांना कसं सांगू?"

सोफीची सगळी गोष्ट ह्याच प्रश्नातून निघालेली आहे म्हणून मला हा सिनेमा एवढा लागला. रिपोर्ट त्याचा, पण त्याचं काय करायचं हे तिने बघायचं. त्याची मानहानी होऊ नये म्हणून तिने गप्प बसायचं, सासूच्या नजरेतला प्रश्न तिने झेलायचा, आणि शेवटी स्वतःचं अंग दुसऱ्याच्या खोलीत नेऊन टाकायचं ते पण त्याच्यासाठीच. जीना किमने हे भाषणं देऊन नाही सांगितलं. तिने फक्त कॅमेरा फार्मिगाच्या चेहऱ्यावर ठेवलाय आणि हलवला नाही.

जिहाच्या खोलीतले पहिले प्रसंग बघा. लहानशी खोली, बाहेरचा आवाज आत येतो, आणि दोघं असे वागतात जसं एखादं काम उरकायचंय. ती आक्रसून पडलेली, जबडा आवळलेला, त्याच्याकडे बघायचं पण नाही. संपलं की पैसे, कपडे, निघाली. ह्यात रोमान्स शून्य आहे आणि तो मुद्दाम शून्य ठेवलाय. आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या टेबलावर पाय वर करून पडलेल्या बाईचा चेहरा मी फार बघितला नाही, ते आमच्या लॅबचं काम नव्हतं, पण रक्त द्यायला येणाऱ्या बायका हात पुढे करून मान दुसरीकडे वळवायच्या ना, तेच तोंड फार्मिगाने आणलंय. अंग माझं आहे पण आत्ता ते माझं नाही, असं. आणि मग भेटी वाढतात तसं हळूहळू तिचं बघणं बदलतं. कुठल्या क्षणी बदलतं ते बोट ठेवून सांगता येणार नाही, मी तो भाग परत लावून बघितला तरी नाही सापडला. एका भेटीत ती थोडं जास्त थांबते. मग एकदा हसते. आणि मग पुढे त्याच पलंगावर जे होतं त्यात ती पहिल्यांदा स्वतःसाठी तिथे आहे हे आपल्याला कळतं, कारण ती डोळे उघडे ठेवून त्याला बघते. सिनेमातले अंगाचे प्रसंग बरेच आहेत पण एकही फुकट नाही, प्रत्येकाने गोष्ट पुढे जाते, हे मी आजवर फार कमी सिनेमांत बघितलं.

आता कोणी म्हणेल हे सगळं तिकडचं. बाप्पा, तिकडचं कुठे आहे, आपल्या घरातलं आहे हे! विचित्रवीर्य मूल न होता मेला तेव्हा सत्यवतीने काय केलं होतं? व्यासांना बोलावलं आणि सुनांना सांगितलं तयार राहा. ह्यालाच नियोग म्हणतात, नवऱ्याऐवजी दुसऱ्या पुरुषाकडून मूल. अंबिकेने भीतीने डोळे मिटले म्हणून पोरगा आंधळा झाला, अंबालिका पांढरी पडली म्हणून पांडू तसा झाला. लहानपणी आजीकडून ही गोष्ट ऐकताना काही वाटलं नव्हतं, पण लॅबमध्ये काम करायला लागल्यावर ती डोक्यातून जाईना. म्हणजे बघा ना, वंश तुमचा बुडत होता, निर्णय सासूचा, पुरुष तिनेच निवडलेला, आणि पोराच्या अंगात खोट निघाली तर कारण काय, तर बाईने डोळे मिटले. तिने उघडे का नाही ठेवले! तिसऱ्या वेळी राणीने स्वतःच्या ऐवजी दासीला पाठवलं, ती घाबरली नाही, आणि तिच्या पोटी विदुर आला. त्या दासीला आमच्या आजीच्या गोष्टीत नाव पण नव्हतं. ह्या सिनेमातली सोफी पहिल्या अर्ध्या भागात अंबिका आहे आणि नंतर ती दासी होते असं मला वाटलं. जीना किमने महाभारत वाचलं असेल नसेल, मला त्याच्याशी घेणं नाही, पण कुठलाही मराठी माणूस हा सिनेमा बघताना ते आठवल्याशिवाय राहणार नाही.

चर्चमधल्या प्रार्थनेचं पण तसंच. सासरचे लोक तिला मूल व्हावं म्हणून देवाकडे मागतात, सगळे मनापासून, कोणी दुष्ट नाही त्यात, आणि मधे ही बसलेली, हिचा त्या देवावर तेवढा विश्वास पण नाही. आपल्याकडे टेकडीच्या गणपतीला नवस, कोराडीला ओटी, ताजबागेत चादर, लोक सगळीकडे जातात आणि जावं पण, मी पण गेलेली आहे. पण नवस कायम बाईच्या पोटासाठी बोलला जातो. नवऱ्याच्या रिपोर्टसाठी कोणी नारळ फोडल्याचं मला माहीत नाही. प्रार्थनेचा तो प्रसंग छोटासा आहे पण त्यात फार्मिगा ज्या पद्धतीने बसलीये ते बघताना मला माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी दिसल्या, हळदीकुंकवाला बोलावलंय पण ओटी भरताना सगळ्यांचा आवाज एकदम मऊ होतो तेव्हा खाली बघणाऱ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे वेगळ्या वंशातलं लग्न. ह्याच्यावर मला जास्त बोलायचंय कारण माझं स्वतःचं लग्न आंतरजातीय आहे, मी कुणबी घरातली, हे बौद्ध. लग्न कोर्टात, स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली, म्हणजे आधी तीस दिवसांची नोटीस लागते आणि त्या तीस दिवसांत दोन्ही घरचे नातेवाईक काय काय करतात ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. बाबासाहेबांनी जातीवर खरं औषध आंतरजातीय लग्न आहे असं लिहून ठेवलंय, आमच्याकडे सासऱ्यांच्या तोंडी ते कायम असायचं, आणि तरीसुद्धा मूल व्हायला उशीर लागला तेव्हा माझ्या माहेरच्या एका मावशीने जे म्हटलं ते मी इथे लिहिणार नाही. मुद्दा असा की परक्या घरात लग्न केलेल्या बाईला मूल हा तिथे कायम राहायचा परवाना असल्यासारखा असतो. मूल झालं की आपली. तोपर्यंत पाहुणी. सोफीला हे कोणी बोलून दाखवत नाही पण तिला ते माहीत आहे, आणि म्हणून तिला नुसतं मूल नको, कोरियन दिसणारं मूल पाहिजे. अमेरिकेत वेगळ्या वंशात लग्न करायची बंदी सगळीकडून गेली ती १९६७ साली, तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने, म्हणजे कायद्याने सोफीला कोणी अडवलेलं नाही. पण घरच्या फोटोत पोराचे डोळे कसे दिसणार ही धास्ती कोर्टाच्या निकालाने जात नाही ना.

आणि इथे पण तेच चालतं. डोनरचं ठरलं की जोडप्यांचे प्रश्न सुरू. रंग जुळेल ना, उंची जुळेल ना, रक्तगट जुळेल ना, हे ठीक आहे, ते बघतातच. पण हळू आवाजात अजून एक यायचा, "आपल्यातलाच मिळेल का?" आपल्यातला म्हणजे जातीतला. चांगले शिकलेले लोक, बँकेत, कॉलेजात नोकरीला. मायक्रोस्कोपखाली एवढी वर्षं बघत होते, कुणाच्या शुक्राणूच्या शेपटीवर जात लिहिलेली मला कधी दिसली नाही. सिनेमा बघताना सोफीचा कोरियन डोनरचा हट्ट मला आधी खटकला, मग समजला, आणि मग त्याचा राग आला, तिचा नाही, ज्यांच्यामुळे तिला असा हट्ट करावा लागतो त्यांचा.

कायद्याचं सांगायचं तर आपल्याकडे २०२१ च्या एआरटी कायद्याप्रमाणे, म्हणजे मूल व्हायच्या उपचारांच्या कायद्याप्रमाणे, पण तिला नाहीच म्हटलं असतं. लग्न झालेल्या जोडप्यात दोघांची लेखी संमती लागते. डोनर नोंदणी झालेल्या बँकेतूनच, वय २१ ते ५५, त्याची एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस ह्या सगळ्याची तपासणी, एका डोनरचं वीर्य एकाच जोडप्याला, आणि पोरावर त्याचा कोणताही हक्क नाही. हे मी मुद्दाम लिहून राहिले कारण सिनेमात सोफी जे करते ते कोणी बघून करायला जाऊ नका. अनोळखी माणूस, तपासणी नाही, कागद नाही, ह्यात बाईच्या तब्येतीला सरळ धोका आहे आणि पुढे पोराच्या बापपणाचा घोळ वेगळा. आणि अजून एक, सिनेमा औषधोपचाराच्या तपशिलात फारसा शिरत नाही, पण पुरुषाचा काउंट फार कमी असला तरी आज मार्ग असतात, एका बीजात एकच शुक्राणू सोडायची इक्सी पद्धत १९९२ पासून जगात आहे, वीर्यात काहीच नसलं तरी काही जणांच्या वृषणातून सुईने शुक्राणू मिळतात. म्हणजे "निल" बघून सगळं संपलं असं समजू नका, आधी युरॉलॉजिस्टला, अँड्रॉलॉजिस्टला, म्हणजे पुरुषांच्या ह्या तक्रारींच्या डॉक्टरला दाखवा. एका रिपोर्टवर तर काहीच ठरवू नका, शुक्राणू तयार व्हायलाच अडीच-एक महिने लागतात, मधे ताप येऊन गेला असेल तरी काउंट पडतो.

जिहाचं काम केलंय हा जंग-वूने. कोरियन सिनेमे बघणाऱ्यांना हे नाव सांगायला नको, पुढच्याच वर्षी द चेझर आला आणि मग तो केवढा मोठा झाला. इथे त्याला इंग्रजी थोडंच येतं, म्हणजे त्या पात्राला, आणि तो जे बोलत नाही ते खांद्यातून, चालण्यातून दाखवतो. दिवसरात्र मिळेल ते काम करणारा, प्रेयसी कोरियात, तिला आणायला पैसे जमवतोय, आणि पोलिसाची गाडी दिसली की ह्याची पाठ ताठ. त्यालाही स्वतःचं अंग विकावं लागतंय ही गोष्ट सिनेमा विसरत नाही हे मला फार आवडलं. पहिल्यांदा सौदा होतो तेव्हा अपमान दोघांचा आहे, आणि दोघांनाही पैशाने तो झाकायचाय. नागपुरात बांधकामावर येणारी छत्तीसगडची, मध्य प्रदेशातली पोरं एका खोलीत सात-आठ जण राहतात, रविवारी सीताबर्डीच्या फुटपाथवर गावाकडे फोन लावत उभी असतात, त्यांच्याकडे बघायची माझी नजर ह्या सिनेमाने थोडी बदलली एवढं नक्की.

आता जे पटलं नाही ते पण सांगते. अँड्र्यूला सिनेमाने न्याय नाही दिला. डेव्हिड मॅकिनिस दिसतो छान, रडतो पण छान, पण त्या माणसाच्या आत काय चाललंय ते कळायला जेवढा वेळ द्यायला पाहिजे होता तेवढा दिलाच नाही. ज्या माणसाला वीर्याच्या एका रिपोर्टमुळे मरावंसं वाटतं, त्याच्या मनात लहानपणापासून काय भरलं असेल? लॅबमध्ये रिपोर्ट घेतल्यावर जिन्यात बसून राहणारे नवरे मी बघितलेत. पाणी दिलं तर घेत नाहीत. "मशीनची चूक असू शकते का?" एवढंच विचारतात, आणि ते विचारताना पन्नाशीचा माणूस पण पोरासारखा दिसतो. हे दुःख खरं आहे, मोठं आहे, त्याला त्याची जागा मिळायला पाहिजे होती. सिनेमा त्याला आधी बिचारा करतो आणि नंतर जवळजवळ खलनायक, मधला माणूस गाळून. सासूचं पण तेच, प्रार्थना करणारी बाई ह्याच्या पुढे ती जात नाही.

शेवटचा अर्धा तास घाईत आहे. जे एवढं सावकाश वाढवलं होतं ते पटापट तुटायला लागतं, एकावर एक धक्के, आणि काही गोष्टी नेमक्या त्या वेळेलाच कशा घडतात असं वाटतं. मेलोड्रामा आहे हे मान्य, आणि मला मेलोड्रामाचं वावडं नाही, आपण तर त्याच्यावरच वाढलो, माझी आई झाडीपट्टीची नाटकं बघत रात्र रात्र रडायची आणि सकाळी ताजीतवानी धान कापायला जायची. पण रडवायचं असेल तर थांबायला पण पाहिजे. मायकल नायमनचं संगीत, हा तोच द पियानो सिनेमावाला, सुंदर आहे, मी वेगळं काढून ऐकून राहिले आता, पण दोन-तीन जागी फार्मिगाचा चेहरा सगळं सांगत असताना वरून संगीताची गरजच नव्हती.

शेवटाबद्दल आमच्या घरी अजून वाद चालू आहे. ह्यांचं म्हणणं, सोफीने पहिल्याच दिवशी नवऱ्याला विश्वासात घ्यायला पाहिजे होतं, एवढं मोठं खोटं संसारात चालत नाही. मी म्हटलं, जो माणूस जीव द्यायला निघाला होता त्याला सांगायचं कसं आणि कोणत्या तोंडाने? ह्यावर हे बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, म्हणजे त्याला वाचवायचं काम पण तिचंच होतं. बरोबर! हेच तर. माझ्या दृष्टीने सोफी चुकते ती लपवते तेव्हा नाही, ती चुकते जेव्हा तिला वाटतं की एक पोरगं झालं की तो माणूस आतून बरा होईल. आणि शेवटाला ती जे निवडते ते मला पटलं. ह्यांना नाही पटलं. तुम्ही बघा आणि सांगा, पण कमेंटमध्ये शेवट फोडू नका राव, बाकीच्यांना बघू द्या.

माझ्याकडून पाचपैकी चार. अर्धा मार्क अँड्र्यूचा कापला, अर्धा शेवटच्या घाईचा. फार्मिगाला वेगळे मार्क द्यायचे असते तर पाचच्या पाच.

कोणासोबत बघायचा ते पण सांगते. नवरा-बायकोने मिळून बघा, हॉलमध्ये सगळ्यांसमोर लावायचा नाही, प्रौढांसाठीचे प्रसंग आहेत आणि ते कापून बघितलात तर सिनेमाच उरत नाही. ट्रीटमेंट चालू असेल, विशेषतः ट्रान्सफर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेला गर्भ आत सोडणं, झाल्यानंतरचे ते दोन आठवडे रिझल्टची वाट बघणं चालू असेल, तर आत्ता नका बघू, नंतर बघा, फार हलवतो. ज्यांच्या घरात कोणी आत्महत्येचा प्रयत्न केलाय त्यांनीही सुरुवातीचा भाग जपून. आणि लग्नाला तीन-चार वर्षं झालेली, बायकोची फाईल जाड होत चाललेली आणि स्वतःची तपासणी अजून न केलेली जी पुरुष मंडळी हे वाचून राहिली असतील त्यांनी आधी तपासणी करून घ्या, सकाळी लॅबमध्ये स्वतः जा, डबी स्वतः द्या, फॉर्मवर वेळ स्वतः लिहा. सिनेमा पावणेदोन तासांच्या आत संपतो. सबटायटल चालू ठेवा, मधे मधे कोरियन बोलतात.